भाड्याचे घर : लाभ आणि जोखीम
सीवूड्सच्या संदर्भात एक विवेचन

घर विकत घेऊन ते भाड्याने द्यावे आणि येणाऱ्या भाड्यावर उत्तरायुष्य निश्चिंतपणे घालवावे, ही मध्यमवर्गीय महाराष्ट्रीय कुटुंबाची फार जुनी आकांक्षा आहे. सोने चोरीला जाते, पेढी बुडते, कंपनीचा भाग कोसळतो. घर मात्र जागच्या जागी राहते, अशी त्यामागील धारणा असते. या धारणेत तथ्य नाही असे नाही. तथापि भाड्याच्या घरातून मिळणारा लाभ कशाकशाचा बनलेला असतो, आणि त्यातील कोणता भाग मालकाच्या हाती असून कोणता नसतो, याचे पृथक्करण क्वचितच केले जाते. नवी मुंबईतील सीवूड्स ही वसाहत अशा पृथक्करणास विशेष अनुकूल आहे. कारण पन्नास वर्षांपूर्वी जेथे भातखाचरे, मिठागरे व खाडीकाठची गावे होती, तेथे आज सदनिकांचा व्यवहार कोट्यवधी रुपयांत होतो, आणि हे स्थित्यंतर कोणत्या क्रमाने झाले ते स्पष्टपणे सांगता येते.

जागेचे मूल्य कसे घडले

१७ मार्च १९७० रोजी सिडको या महामंडळाची स्थापना झाली आणि तत्कालीन ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादन करण्यास प्रारंभ झाला. नेरुळ, दारावे व करावे ही त्यांपैकीच गावे होत. १९७३ मध्ये ठाणे खाडीवरील पूल वाहतुकीस खुला झाला. १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीपर्यंत रेल्वे आली आणि ती पुढे नेरुळ, बेलापूर व पनवेलपर्यंत वाढली. नवी मुंबई महानगरपालिकाही १ जानेवारी १९९२ रोजी अस्तित्वात आली. परदेशस्थ भारतीयांसाठी सिडकोने खाडीकिनारी 'सीवूड्स इस्टेट्स' ही वसाहत उभारली आणि तिचेच नाव पुढे सभोवारच्या भागास पडले. रेल्वेस्थानकाच्या जोडनावात नवी वसाहत व जुने गाव ही दोन्ही शेजारी शेजारी उभी आहेत. २००८ मध्ये स्थानकालगतची व त्यावरील जागा विकसित करण्याचे काम लिलावाद्वारे लार्सन अँड टुब्रो या कंपनीकडे गेले आणि तेथे बाजारसंकुल व कार्यालये उभी राहिली. उरण मार्गावरील लोकल गाड्या ११ नोव्हेंबर २०१८ पासून खारकोपरपर्यंत आणि १२ जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत धावू लागल्या. त्याच दिवशी शिवडी ते न्हावाशेवा हा सुमारे २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला. नवी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले.

या तपशिलावरून एक गोष्ट ध्यानात येते ती ही, की सीवूड्समधील घराच्या मूल्यात जी वाढ झाली, तिचा मोठा भाग घराच्या भिंतींत नसून घराबाहेरील सार्वजनिक कामांत आहे. पूल, रेल्वे, रस्ते, पाणीपुरवठा यांवर समाजाचा पैसा खर्च झाला आणि त्याचे फळ जवळच्या जमिनीच्या किमतीत उतरले. अर्थशास्त्रात या वाढीस अनर्जित वाढ असे म्हणतात. ती मालकास मिळते, परंतु मालक ती निर्माण करू शकत नाही. ती केव्हा येईल व किती येईल हेही त्याच्या हाती नसते.

म्हणून भाड्याच्या घराची दोन खाती वेगळी ठेवली पाहिजेत : एक भाड्याचे व दुसरे भावाचे. पहिले खाते दरमहा बोलते, दुसरे विक्रीच्या दिवशी एकदाच बोलते. सामान्य गुंतवणूकदार दुसऱ्या खात्यातील आशेने पहिल्या खात्यातील तूट झाकतो, आणि त्याच्या फसगतीचे मूळ बहुधा येथेच असते.

भाड्याचे खाते

हिशेबाच्या सोयीसाठी एक उदाहरण घेऊ. त्यातील आकडे कोणत्याही विशिष्ट घराचे नाहीत. समजा, एका गृहस्थाने १ कोटी ५० लाख रुपयांस सदनिका घेतली. मुद्रांक शुल्क, नोंदणी व किरकोळ दुरुस्ती मिळून आणखी १० लाख रुपये लागले. एकूण भांडवल १ कोटी ६० लाख. घर दरमहा ४०,००० रुपयांनी गेले. वर्षाचे भाडे ४,८०,००० रुपये, म्हणजे भांडवलावर ३ टक्के झाले.

आता वजावट पाहावी. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत वर्षाकाठी सरासरी एक महिना घर रिकामे राहिले, तर ४०,००० रुपये गेले. सोसायटीची देखभाल दरमहा ५,००० रुपयांप्रमाणे ६०,००० रुपये. महानगरपालिकेची घरपट्टी १५,००० रुपये. रंगरंगोटी, नळदुरुस्ती व दलाली यांचे ४५,००० रुपये. एकूण वजावट १,६०,००० रुपये. हाती राहिले ३,२०,००० रुपये, म्हणजे बरोबर २ टक्के.

यानंतर आयकर येतो. प्रत्यक्ष मिळालेल्या ४,४०,००० रुपयांतून भरलेली घरपट्टी वजा केल्यावर ४,२५,००० रुपये उरतात. त्यावर ३० टक्के ठोक वजावट मिळते; प्रत्यक्ष दुरुस्ती कमी झाली की अधिक, हे विचारले जात नाही. करपात्र रक्कम २,९७,५०० रुपये ठरते. मालक ३० टक्के दराच्या टप्प्यातील असल्यास उपकरासह सुमारे ९२,८०० रुपये कर होतो. अखेरीस सुमारे २,२७,००० रुपये, म्हणजे भांडवलावर जेमतेम १.४ टक्के उरतात.

घर कर्जाने घेतले असल्यास चित्र अधिक कठोर होते. १ कोटी रुपयांच्या कर्जावर साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांचा मासिक हप्ता सुमारे ८६,८०० रुपये येतो. भाडे त्याच्या निम्म्यासही पुरत नाही. 'भाड्यातून हप्ता फिटेल' हे वाक्य घरखरेदीच्या वेळी सर्रास ऐकू येते. परंतु भाड्याचे प्रमाण ३ टक्के आणि व्याजाचे साडेआठ टक्के असताना ते अंकगणितासच मान्य होत नाही. कर्जाचे व्याज भाड्याच्या उत्पन्नातून वजा करता येते हे खरे. पण त्यातून निर्माण होणारा तोटा इतर उत्पन्नातून वजा करण्यास जुन्या करपद्धतीत वर्षास २ लाख रुपयांची मर्यादा आहे आणि नव्या करपद्धतीत ती सवलतच नाही.

भावाचे खाते

हीच १ कोटी ६० लाखांची रक्कम ७ टक्के व्याजाच्या मुदतठेवीत ठेवली असती, तर त्याच गृहस्थास कर वजा जाता सुमारे ४.८ टक्के मिळाले असते. ते व्याज ठेवीतच साठू दिल्यास दहा वर्षांनी रक्कम सुमारे २ कोटी ५६ लाख होते. घराच्या मार्गाने तेथवर पोचण्यासाठी भाड्याची करोत्तर शिल्लक दरवर्षी तशाच ठेवीत टाकूनही घर सुमारे २ कोटी ३८ लाखांस विकले गेले पाहिजे. कारण विक्रीच्या नफ्यावर साडेबारा टक्के भांडवली नफाकर व उपकर द्यावा लागतो. याचा अर्थ असा, की दीड कोटींच्या घराचा भाव दहा वर्षे सतत दरसाल सुमारे पावणेपाच टक्क्यांनी वाढला, तरच मालक ठेवीदाराच्या बरोबरीस येतो. दरसाल भाडे वाढते असे धरल्यास हे प्रमाण काहीसे कमी होईल. विक्रीची दलाली व हस्तांतरणाचा खर्च मिळवल्यास काहीसे वाढेल.

भाव इतका वाढणारच नाही असे म्हणण्याचे कारण नाही. अनेकदा तो याहून पुष्कळ अधिक वाढलेला आहे. प्रश्न असा आहे, की ज्या कारणांमुळे तो वाढावयाचा ती कारणे खरेदीच्या किमतीत आधीच मोजली गेली आहेत काय. नवी मुंबईच्या विमानतळास केंद्रीय मंत्रिमंडळाची तत्त्वतः मान्यता २००७ मध्ये मिळाली. उद्घाटनास त्यानंतर अठरा वर्षे लागली. घोषणेच्या दिवशीच जमिनीचा विक्रेता जागा होतो आणि भावी सोयीची किंमत आजच मागतो. भाडेकरू मात्र भविष्यासाठी भाडे देत नाही; आज गाडी येते काय, पाणी येते काय, कार्यालय किती दूर आहे, एवढेच तो पाहतो. भाव घोषणेबरोबर चढतो, भाडे सोय प्रत्यक्षात आल्यावर चढते. या दोहोंमधील वर्षांचे व्याज खरेदीदार सोसतो. भाव व भाडे यांत एवढी तफावत का दिसते, याचे एक महत्त्वाचे कारण हे आहे.

कायद्याची जोखीम

मुंबईच्या घरमालकास एकेकाळी सर्वांत मोठे भय बाजाराचे नव्हे, तर कायद्याचे होते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, भाडेवाढीस आळा घालणारा कायदा मुंबईत प्रथम आला. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत स्थापन झालेल्या विकास विभागाने कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचे योजिले. प्रत्यक्षात नायगाव, वरळी, शिवडी व डिलाईल रोड येथे २०७ चाळींत सुमारे १६,००० खोल्या झाल्या. बांधकामाचा खर्च भरून निघेल असे भाडे कामगारास परवडेना, आणि त्या दशकात त्यांतील कितीतरी खोल्या रिकाम्या राहिल्या. बांधणाऱ्याचा खर्च कितीही असो, भाडे शेवटी राहणाऱ्याच्या मिळकतीवर ठरते, हा धडा सरकारलाही मोल देऊन शिकावा लागला.

१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीस बांधले. युद्धोत्तर टंचाईत हजारो कुटुंबांचे छप्पर त्यामुळे टिकले, हे निर्विवाद आहे. परंतु तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढी घेत घेत अर्धशतक चालला. भाडे गोठले, दुरुस्ती थांबली, पागडीचा अनौपचारिक बाजार उभा राहिला. पडत्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ मध्ये विधिमंडळास वेगळे मंडळ व वेगळा उपकर निर्माण करावा लागला. भाडेनियंत्रण चुकविण्यासाठी मालक 'लीव्ह अँड लायसन्स' पद्धतीने जागा देऊ लागले, तेव्हा १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या अशा परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा दिला. एका रात्रीत अकरा महिन्यांचा पाहुणा कायमचा झाला. या एका तारखेचा धसका पुढील पिढीनेही घेतला. घर कुलूप लावून ठेवावे पण भाड्याने देऊ नये, असा अनेक कुटुंबांचा रिवाज पडला. २०११ च्या जनगणनेत भारताच्या नागरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. त्यामागील अनेक कारणांत हे भय एक होते.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे सांगितले. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. जुन्या भाड्यात दरसाल ४ टक्के वाढ करण्यास त्याने मुभा दिली. गुंतवणूकदाराच्या दृष्टीने त्याची दोन कलमे मोलाची आहेत. २४ व्या कलमान्वये परवान्याची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मिळू शकते. ५५ व्या कलमान्वये करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितलेली आहे.

येथे एका प्रचलित समजुतीचा उल्लेख आवश्यक आहे. अकरा महिन्यांचा करार का, असे विचारल्यास बहुतेकांस कारण सांगता येत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास नोंदणी अनिवार्य होती. ती टाळण्यासाठी अकरा महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्रात २००० नंतर सर्वच करार नोंदवावे लागत असल्याने या प्रथेचे प्रयोजन उरलेले नाही. दोन वा तीन वर्षांचा, ठरीव वाढीचा करार केल्यास भाडेकरूच्या मुलांची शाळा सुटत नाही आणि मालकाचा दरवर्षीचा रिकामा महिना व दलाली वाचते. वरील उदाहरणातील वजावटीत सर्वांत सहज वाचण्यासारखी रक्कम हीच आहे.

सीवूड्सची स्थानिक वैशिष्ट्ये

सीवूड्समध्ये घर घेणाऱ्याने आणखी काही बाबी तपासल्या पाहिजेत. नवी मुंबईतील सिडकोची जमीन सामान्यतः साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असते. म्हणजे घरमालक हा स्वतः एका अर्थी भूमीचा पट्टेदार असतो. पट्ट्याची किती वर्षे उरली, हस्तांतरणास सिडकोची कोणती परवानगी व शुल्क लागते, हे त्या त्या भूखंडाच्या कागदपत्रांवरून पाहावे लागते. इमारतीस भोगवटा प्रमाणपत्र आहे किंवा नाही, हेही पाहिले पाहिजे. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते. वाशीतील सिडकोने बांधलेल्या काही इमारती काही दशकांतच धोकादायक ठरून पुनर्विकासाच्या मार्गाला लागल्या. जमीन वाढते, बांधकाम झिजते. म्हणून इमारतीच्या घसाऱ्याचे मनातल्या मनात तरी खाते ठेवणे इष्ट होय.

गृहनिर्माण सोसायटी भाड्याने दिलेल्या सदनिकेवर बिनभोगवटा शुल्क आकारू शकते. परंतु २००१ च्या शासनादेशाने ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत मर्यादित केलेले आहे. मालक परदेशस्थ असल्यास, आणि सीवूड्समध्ये असे मालक पुष्कळ आहेत, भाडे देताना कर कापून सरकारजमा करण्याचे दायित्व भाडेकरूवर येते. पुष्कळ भाडेकरूंस याची कल्पना नसते.

याच परिसरात दुसऱ्या प्रकारचा घरमालकही आहे. दारावे, करावे व नेरुळ या गावांतील भूमिपुत्रांच्या शेतजमिनी शहरासाठी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण परिसरात झालेल्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. शेती गेल्यावर अनेक कुटुंबांनी गावठाणात व लगत खोल्या बांधून त्या भाड्याने दिल्या. शहराची घरकामे करणाऱ्या स्त्रिया, रिक्षाचालक, पहारेकरी, दुकानांतील नोकर यांना निवारा मिळाला तो बव्हंशी या खोल्यांतून. या मालकास जमीन विकत घ्यावी लागलेली नसल्यामुळे त्याचे भाडे बांधकामखर्चाच्या मानाने भरघोस असते. पण गरजेपोटी बांधलेल्या अशा घरांपैकी अनेकांचे कागद निर्वेध नसतात, बँक त्यांवर कर्ज देत नाही आणि नियमित करण्याचा प्रश्न अनेक वर्षे रेंगाळत आला आहे. एकाच स्थानकाच्या परिघात सदनिकाधारकाकडे कागद आहे पण भाडे तुटपुंजे, आणि गावठाणातील मालकाकडे भाडे आहे पण कागद अपुरा, असे हे चित्र आहे. भाड्याचा उंच दर हा बहुधा कोणत्या ना कोणत्या जोखमीचाच मोबदला असतो, हे या तुलनेवरून स्पष्ट होते.

तिसरा मार्गही याच स्थानकावर उभा आहे. सीवूड्सचे बाजारसंकुल ज्या न्यासाच्या मालकीच्या मालमत्तांत मोडते, त्या नेक्सस सिलेक्ट ट्रस्टचे हिस्से मे २०२३ मध्ये प्रत्येकी १०० रुपयांस विक्रीस निघाले व रोखे बाजारात नोंदले गेले. अशा न्यासांना वाटपयोग्य रोखीपैकी किमान ९० टक्के रक्कम हिस्सेदारांत वाटणे बंधनकारक असते. दीड कोटी एकाच छपराखाली गुंतविण्याऐवजी अल्प रकमेत अनेक शहरांतील दुकानांच्या भाड्याचा वाटा येथे घेता येतो, आणि तो हवा तेव्हा विकता येतो. मात्र त्याचा भाव रोज खालीवर होतो, आणि गरज पडल्यास त्यात जाऊन राहता येत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनाचा अर्थ भाड्यासाठी घर घेऊच नये असा नव्हे. ज्या कुटुंबाने कर्जाविना घर घेतले आहे, ज्याची सर्व पुंजी त्यात अडकलेली नाही, आणि ज्याला पुढे ते घर मुलाबाळांच्या वापरासाठी हवे आहे, त्याला भाडे अल्प असले तरी महागाईबरोबर वाढत जाणारे, आणि घर अडीअडचणीला आधार देणारे असे साधन लाभते. ठेवीचे व्याज महागाईबरोबर वाढत नाही, हा फरक दीर्घ मुदतीत लहान नसतो. परंतु निवृत्तीची संपूर्ण रक्कम एका सदनिकेत घालून भाड्यावर महिन्याचा खर्च भागवू पाहणाऱ्यास वर्षास दीड-दोन टक्क्यांवर निर्वाह करावा लागेल. आजारपणात घराची एक खोली विकून औषधाचे बिल देता येत नाही. कर्ज काढून भाड्यासाठी घर घेणारा तर वस्तुतः घरमालक नसून भावाच्या चढीवर पैसे लावणारा असतो. तसे करण्यास हरकत नाही. मात्र आपण काय करीत आहो, याची त्याला जाणीव असावी.

म्हणून खरेदीपूर्वी एकच कसोटी लावावी. भाव दहा वर्षे जागचा हलला नाही असे समजून केवळ भाड्याच्या खात्यावर हा व्यवहार सोसवेल काय, असे स्वतःस विचारावे. उत्तर होकारार्थी असेल, तर भावाची वाढ ही वरकड प्राप्ती ठरते. उत्तर नकारार्थी असेल, तर तो व्यवहार पूल, रेल्वे व विमानतळ यांच्या वेळापत्रकावर अवलंबून राहतो, आणि ते वेळापत्रक कोणत्याही घरमालकाच्या हाती नसते.